नवरा-बायको आणि घरचा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या, म्हणजे बौद्ध, जैन व शीख धरून, पगारदार किंवा छोटा व्यवसाय करणाऱ्या जोडप्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत. गोव्याचा हिशेब मुळातच निराळा असल्याने त्याला स्वतंत्र प्रश्न दिला आहे.

लग्न झाले की दोघांचा पैसा कायद्याने एकच होतो का?

होत नाही. लग्नाच्या दिवसापासून नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा निम्मा वाटा आपोआप तयार होतो, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ज्याने कमावले त्याचे, ज्याने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या नावावर घेतले त्याचे, अशीच इथली रीत आहे. पत्नीला पोटगीचा, सासरच्या घरात राहण्याचा आणि पतीच्या मागे वारशाचा हक्क असतो. परंतु पती हयात असताना त्याच्या खात्यातील शिल्लक केवळ लग्न झाले म्हणून तिची होत नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १४ नुसार स्त्रीची मालमत्ता ही पूर्णपणे तिचीच असते, आणि स्त्रीधनावर पतीचा अथवा सासरचा मालकीहक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केलेले आहे. म्हणून लग्नात माहेरहून आलेल्या पाटल्या सासूबाईंच्या लॉकरमध्ये ठेवल्या असल्या तरी मालकी सुनेचीच राहते. लॉकरची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न वेगळा.

एकच संयुक्त खाते ठेवावे, दोन वेगळी ठेवावीत, की आणखी काही?

दोघेही कमावत असतील तर तीन खाती सर्वांत कमी भांडणे लावतात, असे माझे मत आहे : प्रत्येकाचे पगाराचे एक आणि घरखर्चाचे एक संयुक्त. पगार झाला की पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरलेली रक्कम संयुक्त खात्यात जाते, आणि भाडे किंवा हप्ता, किराणा, शाळेची फी, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स तिथूनच कापला जातो. उरलेला पैसा ज्याचा त्याचा. त्याचा हिशेब मागायचा नाही, हा या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत आधी मोडला जाणारा नियम होय.

सगळा पैसा एकाच खात्यात टाकण्याची पद्धत ऐकायला प्रेमळ वाटते. प्रत्यक्षात तीत मोबाइलवर येणारा प्रत्येक संदेश दोघांनाही दिसतो आणि साडेचारशे रुपयांच्या चपलेवरूनही संध्याकाळी चौकशी होते. दोन पूर्ण वेगळी खाती ठेवणाऱ्यांची अडचण उलटी असते. तिथे दर महिन्याला ‘गॅसचे कोणी दिले होते?’ यावर गणित मांडावे लागते.

संयुक्त खात्यात निम्मे-निम्मे भरावे का?

पगार जवळजवळ सारखे असतील तर भरावे. नसतील तर पगाराच्या प्रमाणात भरावे. समजा नवऱ्याच्या हातात ७८,००० रुपये येतात, बायकोच्या हातात ५२,०००, आणि सामायिक खर्च ७०,००० आहे. निम्मे-निम्मे केल्यास प्रत्येकी ३५,००० जातात. नवऱ्याकडे ४३,००० उरतात आणि बायकोकडे १७,०००. प्रमाण तीनास दोन धरल्यास तो ४२,००० भरतो, ती २८,०००, आणि हातात अनुक्रमे ३६,००० व २४,००० राहतात. बायकोचा पगार जास्त असेल तर हेच गणित उलटे करावे. तसे करताना पुष्कळ नवऱ्यांना अवघड वाटते, पण आकड्यांना त्याचे काही नसते.

पगारवाढ झाली, कोणी नोकरी सोडली किंवा बाळंतपणाची रजा बिनपगारी झाली की प्रमाण पुन्हा ठरवावे. बाळंतपणात पत्नीचा पगार थांबला आणि वाटा मात्र जुनाच राहिला, तर तिची आधीची सगळी शिल्लक त्या काही महिन्यांत घरखर्चात विरघळून जाते.

‘घराचा हप्ता मी भरतो, बाकीचा घरखर्च ती बघते.’ ही वाटणी योग्य आहे ना?

हा प्रश्न नेहमी सहज विचारला जातो, आणि ज्या वाटणीबद्दल तो असतो तीच वाटणी पुढे सर्वांत जास्त नुकसान करते. म्हणून थोडे सविस्तर पाहू.

डोंबिवलीतील एक जोडपे नजरेसमोर आणावे. ३५ लाखांचे गृहकर्ज, साडेआठ टक्के दराने, २० वर्षांसाठी. हप्ता साधारण ३०,४०० रुपये. तो नवऱ्याच्या खात्यातून जातो. बायकोच्या खात्यातून किराण्याचे ९,०००, दूध-भाजीचे ७,०००, मुलांची फी व व्हॅन यांचे ८,५००, मेंटेनन्सचे ३,००० आणि वीज, गॅस, मोबाइलचे २,९०० जातात. बेरीज तीच : ३०,४००. दोघेही समाधानी असतात, कारण भार अगदी सारखा आहे.

बारा वर्षांनंतर दोघांनीही प्रत्येकी सुमारे ४४ लाख रुपये घातलेले असतात. नवऱ्याच्या ४४ लाखांचा पुरावा कर्जखात्याच्या उताऱ्यात ओळीने छापलेला असतो आणि त्यासमोर एक घर उभे असते. बायकोच्या ४४ लाखांचे काय झाले? ते जेवणात गेले, मुलांच्या व्हॅनमध्ये गेले, इन्व्हर्टरच्या बॅटरीत गेले. हप्ता भरणाऱ्याच्या मागे घर उरते आणि किराणा भरणाऱ्याच्या मागे रिकाम्या पिशव्या उरतात. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. बहुतेक घरांत ही वाटणी पहिल्या महिन्यात सोयीने पडलेली असते आणि नंतर कोणी तिच्याकडे वळून पाहिलेले नसते. वाद झाला, विभक्त व्हायची वेळ आली, किंवा नवऱ्याच्या मागे दीर-नणंदांनी प्रश्न उपस्थित केला, की मग किराण्याची बिले कोणी जपून ठेवत नाही हे लक्षात येते.

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये गृहिणीच्या श्रमाची दखल घेऊन पतीच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिला निम्मा वाटा दिला होता. तो निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांसमोर मांडता येतो, पण त्यांच्यावर बंधनकारक नाही. त्याच्या भरवशावर राहू नये.

उपाय साधा आहे. हप्ता संयुक्त खात्यातून जाऊ द्यावा, ज्यात दोघांच्याही पगारातून भर पडते, आणि करारनाम्यावर दोघांची नावे असावीत. ते शक्य नसेल तर जो घरखर्च उचलतो त्याच्या नावावर दरमहा काही ना काही गुंतवणूक होईल, एवढे तरी पाहावे.

फ्लॅट कोणाच्या नावावर घ्यावा?

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ६० लाखांच्या फ्लॅटवर हे ६०,००० रुपये होतात. सुरुवातीला असे घर १५ वर्षे पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. पतीचे नाव सोबत घातले की सवलत जाते, ही गोष्ट मात्र अनेकांना नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसल्यावर कळते.

सवलतीसाठी घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतले आणि कर्ज पतीने फेडले, तर पती मालक नसल्याने त्याला गृहकर्जाच्या व्याजाची आयकरातील वजावट मिळत नाही. जुन्या करप्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावट प्रत्येक सहमालकाला वर्षाला २ लाखांपर्यंत असते, पण त्यासाठी तो मालकही असावा लागतो आणि कर्जदारही. नव्या करप्रणालीत राहत्या घराला ही वजावट मुळात नाही, त्यामुळे तिथे हा मुद्दा उरत नाही.

दोघांच्या नावावर घर घेताना करारनाम्यात कोणाचा किती हिस्सा, हे स्पष्ट लिहून घ्यावे. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, असे समजू नये. मालकी नोंदणीकृत करारावरून ठरते.

पतीने स्वतःच्या पैशाने पत्नीच्या नावावर घर घेतले तर ते बेनामी ठरते का?

पैसा पतीच्या ज्ञात उत्पन्नातून आला असेल तर ठरत नाही. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात पती-पत्नीसाठी तसा अपवाद आहे. पैसा कुठून आला हे कागदावर दाखवता आले पाहिजे.

घर आधीच नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. आता पत्नीचे नाव लावता येईल का?

येईल. महाराष्ट्रात निवासी घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले अथवा नातवंडे यांना बक्षीसपत्राने द्यायची असेल तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्यावर स्थानिक संस्थेचा अधिभार आणि नोंदणीचा खर्च येतो. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यावी.

शेतीच्या बाबतीत महाराष्ट्राला या विषयाचा जुना अनुभव आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले होते, आणि पुढे राज्य शासनाने पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. गावातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर असते; तिथेही पत्नीचे नाव लावता येते का, हे विचारावे.

बायकोच्या नावावर एफडी केली की कर वाचतो का?

वाचत नाही. पतीने पत्नीला दिलेल्या भेटीवर कर नाही, हे खरे. पण त्या भेटीतून मिळणारे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. १० लाखांची एफडी ७ टक्क्यांनी केली तर ७०,००० रुपये व्याज पतीच्या विवरणपत्रात येते. ते ७०,००० तिने पुढच्या वर्षी गुंतवले तर त्यावरचे ४,९०० मात्र तिचे उत्पन्न मानले जाते. तिच्या पीपीएफ खात्यात पैसे टाकल्यास व्याजच करमुक्त असल्याने हा त्रास होत नाही. तिथे प्रत्येक व्यक्तीला वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे आणि खाते संयुक्त काढता येत नाही.

दोघेही कमावत असतील आणि एकाचा कराचा टप्पा वरचा असेल, तर एक सरळ मार्ग आहे : जास्त पगारवाल्याने घरखर्चाचा मोठा भाग उचलावा आणि कमी पगारवाल्याने स्वतःच्या पगारातून गुंतवणूक करावी. पैसा ज्याचा त्याचाच असल्याने उत्पन्नही त्याचेच मानले जाते. वरच्या डोंबिवलीच्या उदाहरणातली चूकही यात आपोआप उलटी होते, पण ती दुसऱ्या टोकाला जाणार नाही हे पाहावे लागते.

पत्नी नोकरी करत नसेल तर तिच्या हातात किती पैसे असावेत?

घरखर्चाचे वेगळे आणि तिचे वेगळे, ही पहिली गोष्ट. ‘लागतील तेव्हा माग ना, नाही कोण म्हणतो?’ हे वाक्य अनेक सज्जन नवरे बोलतात आणि त्यात काय खटकते हे त्यांना कळत नाही. मागावे लागते, हेच खटकते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात गृहिणीच्या या अवस्थेबद्दल स्वतंत्रपणे लिहिले गेले, आणि त्यात संयुक्त खाते व एटीएम कार्ड तिच्या हाती असण्याचा उल्लेख आला. त्यामागे हेच कारण आहे.

ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात जावी. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये २०२४ पासून स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले, तेव्हा खाते ‘आपले’ असणे म्हणजे काय, याची चर्चा घराघरांत झाली. योजनेविषयी मते काहीही असोत.

माहेरी पैसे पाठवायचे असतील तर नवऱ्याला विचारावे का?

नवरा गावी आईला पैसे पाठवताना विचारतो का, यावर उत्तर अवलंबून आहे. दोन्ही घरे म्हातारी होत असतात. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी असते, असे सांगितले; २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या कायद्यातही अपत्य या शब्दात मुलगी येते. दोन्हीकडची नियमित मदत संयुक्त खर्चाच्या यादीत धरावी, म्हणजे लपवालपवी होत नाही.

संयुक्त खाते उघडताना फॉर्मवर कोणत्या पर्यायावर खूण करावी?

घरखर्चाच्या खात्यासाठी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ हा पर्याय घ्यावा. ‘दोघे मिळून’ हा पर्याय सुरक्षित वाटतो, पण त्यात प्रत्येक वेळी दोन सह्या लागतात. आमच्या एका काकांनी मोठ्या विश्वासाने तोच निवडला होता. पुढे ते अतिदक्षता विभागात असताना काकू सगळी कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन बँकेत गेल्या, खात्यात चार लाख होते, आणि काउंटरवरच्या माणसाने अगदी नम्रपणे सांगितले की साहेबांची सही हवी. नियमाप्रमाणे त्याचे चुकलेही नव्हते. त्या आठवड्यात रुग्णालयाचे बिल आम्ही हातउसन्याने भागवले.

आणखी एक गोष्ट : बँक बुडाल्यास ठेवींना मिळणारे ५ लाखांचे विमा संरक्षण एका बँकेत प्रत्येक ठेवीदाराला एकत्रितपणे मिळते, परंतु एकट्याचे खाते आणि संयुक्त खाते वेगवेगळे धरले जाते. नावांचा क्रम उलटा असलेली दोन संयुक्त खातीही वेगळी मानली जातात. सहकारी बँकेत मोठी रक्कम ठेवणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे.

नॉमिनी म्हणजे वारस ना?

नव्हे. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा असतो. ते वारसांना देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. शेअर्सच्या बाबतीत हाच नियम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितला. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, पण चार काय किंवा एक काय, मालकीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मग मृत्युपत्र नसेल तर काय होते?

पती मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना समान वाटा मिळतो. वडील या पहिल्या यादीत नसतात, आई असते. म्हणजे दोघांच्या निम्म्या-निम्म्या नावाचा फ्लॅट, दोन मुले आणि सासूबाई असतील, तर पतीच्या निम्म्याचे चार भाग होऊन पत्नीकडे एकूण पाच-अष्टमांश येतो आणि सासूबाईंकडे एक-अष्टमांश.

पत्नी मृत्युपत्र न करता गेली तर नियम निराळा आहे, आणि नोकरी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तो माहीत असायला हवा. तिच्या स्वकष्टाच्या मिळकतीचे वारस पती आणि मुले असतात. पती व मुले हयात नसतील तर ती मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आई-वडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. जिला वाढवले, शिकवले, तिच्या भविष्य निर्वाह निधीवर आईच्या आधी दिराचा हक्क पोहोचू शकतो. आई-वडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेला, मुले नसल्यास, वेगळा नियम आहे; ती माहेरकडे परत जाते. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर करता येते. स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही.

नवऱ्याच्या धंद्याचे कर्ज बायकोवर येते का?

तिने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर येते, नसेल तर येत नाही. सही ‘फक्त फॉर्मॅलिटी’ म्हणून मागितली जाते. ती तशी कधीच नसते. धंदा करणाऱ्याने आपला आयुर्विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांच्या हिताचा म्हणून काढावा. मग त्या रकमेवर सर्वसाधारणपणे धनकोंचा हात पडत नाही. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज भरावा लागतो.

गोव्यात काय वेगळे आहे?

जवळजवळ सगळेच. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र मानली जाते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा हिस्सा असतो. म्हणून घर विकताना नाव एकाचे असले तरी सही दोघांची लागते. आयकरातही अशा जोडप्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. पगार मात्र कमावणाऱ्याचाच राहतो. सिंधुदुर्गातली मुलगी पेडण्यात दिली की एका नदीच्या अंतरावर तिचा कायदा बदलतो.

नवऱ्याला न सांगता डब्यात साठवलेल्या पैशांचे काय?

हा प्रश्न हसत विचारला जातो, पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तो फार घरांत गंभीर झाला होता. आमच्या शेजारच्या काकूंच्या साबुदाण्याच्या डब्यातून पाचशे आणि हजारच्या नोटांचे १४,५०० रुपये निघाले. पाडव्याची ओवाळणी, भिशी आणि भाजीतून वाचवलेले. ते काकांच्या खात्यात भरण्यावाचून इलाज नव्हता, कारण काकूंचे स्वतःचे खातेच नव्हते. त्यावरून घरात काय बोलणे झाले, ते भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आले.

असे पैसे साठवण्यात गैर काही नाही. कायद्याने तर नाहीच, आणि माझ्या मते नीतीनेही नाही. ज्या घरात मागावे लागते, त्या घरात डबा हवाच. फक्त पैसा डब्याऐवजी स्वतःच्या नावावरच्या खात्यात असावा. काकूंनी पुढच्याच महिन्यात पोस्टात बचत खाते उघडले, आणि नॉमिनीच्या रकान्यात बहिणीचे नाव घातले.